खांद्याचे दुखणे आणि विसाव्याचा प्रश्न

मान भरून येणे, खांदे अवघडणे, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध एखादी जागा सतत ठसठसत राहणे, ह्या तक्रारी इतक्या सर्वत्र आढळतात की त्यांना रोग म्हणावे की नाही, ह्याविषयी रोग्याच्याच मनात संकोच असतो. अशा दुखण्याने कोणी अंथरुणास खिळत नाही, ताप चढत नाही, रक्ताच्या तपासणीत काही निष्पन्न होत नाही. तिरुप्पूरच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसणारी स्त्री, वाराणसीचा विणकर, बंगळूरच्या कचेरीत संगणकापुढे दिवस काढणारा तरुण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणारा शिक्षक ह्यांचे व्यवसाय भिन्न असले, तरी संध्याकाळी ह्या सर्वांचा हात नेमका एकाच ठिकाणी, मान आणि खांदा ह्यांच्या मधल्या उतारावर जातो. जपानी भाषेत ह्या अवस्थेला 'काताकोरी' असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि तेथील सरकार नागरिकांच्या प्रकृतीची जी पाहणी ठरावीक वर्षांनी करते, तीत ही तक्रार कंबरदुखीच्या जोडीने सातत्याने अग्रभागी आढळते.

ह्या दुखण्याविषयी आपल्याकडे दोन समजुती दृढ आहेत. ते वाकून बसण्याच्या वाईट सवयीचे फळ आहे, ही पहिली; आणि त्यावर विश्रांती हाच उपाय आहे, ही दुसरी. पहिल्या समजुतीत तथ्य फार थोडे आहे आणि दुसरी अर्धीच खरी आहे. दोन्ही समजुतींनी मिळून एक अन्याय मात्र पुरता केला आहे. दुखण्याचा सगळा दोष त्यांनी दुखणाऱ्याच्या पदरात टाकला आहे.

खांद्याची घडण प्रथम लक्षात घ्यावयास हवी. मांडीचे हाड कमरेच्या खोल खोबणीत घट्ट बसलेले असते. हाताची व्यवस्था तशी नाही. हाताचा सगळा सांगाडा धडाच्या सांगाड्याशी हाडांच्या सांध्याने एकाच जागी जोडलेला आहे. ती जागा म्हणजे हासळीच्या हाडाचे छातीच्या मधल्या हाडाशी टेकणारे टोक. फऱ्याचे हाड तर बरगड्यांवर नुसते स्नायूंच्या बळावर तोललेले असते. ह्या स्वातंत्र्यामुळेच माणसाला हात डोक्यावर नेता येतो, गोफण फिरविता येते, झाडावर चढता येते. परंतु ह्या स्वातंत्र्याचे मोल स्नायूंना द्यावे लागते. कवटीच्या मागच्या बाजूपासून पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत आणि बाहेर खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला समलंब नावाचा रुंद स्नायू, आणि त्याच्या खाली दडलेला, फरा वर उचलणारा अरुंद स्नायू, हे दोघे ह्या कामात प्रमुख आहेत. एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के भरते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचा रिकामा हातही ३ किलोंचा असतो. तो किंचित पुढे धरला की त्याचा भार ह्या स्नायूंवर येतो, मग हातात सुई असो की लेखणी.

येथेच एक कोडे उभे राहते. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचे खांदे दुखावेत ह्यात नवल नाही. परंतु कागदापेक्षा जड वस्तू न उचलणाऱ्या कारकुनाचे का दुखावेत? हे कोडे जुने आहे. व्यवसायजन्य रोगांचा पहिला व्यवस्थित ग्रंथ लिहिणारे इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी ह्यांनी आपल्या १७०० सालच्या ग्रंथाला १७१३ मध्ये जी भर घातली, तीत लेखनिकांच्या व्याधींचा स्वतंत्र विचार आहे. सतत बसणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्यांनी सांगितली. ह्या तिघांपैकी पुढच्या लोकांनी पहिलेच तेवढे उचलले आणि खुर्चीच्या मापांची चर्चा आरंभिली. दुसरे व तिसरे कारण मागे पडले, हे विज्ञानाच्या इतिहासातले एक खेदकारक विस्मरण होय.

दुसऱ्या कारणाचा उलगडा होण्यास अडीचशे वर्षे लागली. स्नायू म्हणजे एकसंध दोरी नव्हे. तो असंख्य तंतूंचा समूह असून ह्या तंतूंच्या तुकड्या असतात आणि प्रत्येक तुकडीवर एका चेतापेशीची हुकमत चालते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एल्वूड हेनेमन ह्यांनी १९५७ पासून केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, ह्या तुकड्या वाटेल त्या क्रमाने कामाला लागत नाहीत. थोडे बळ हवे असेल तेव्हा लहान चेतापेशींच्या तुकड्या आधी जागतात. बळाची गरज वाढली की मोठ्या तुकड्या त्यांना येऊन मिळतात. काम संपू लागले म्हणजे मोठ्या आधी निघून जातात आणि लहान सर्वांच्या शेवटी सुटतात. ह्या नियमाचा आधार घेऊन स्वीडनचे संशोधक यॉरान हेग ह्यांनी एक गृहीतक मांडले आणि त्याला परीकथेतील सिंड्रेलाचे नाव दिले, कारण ती पोर सर्वांच्या आधी उठे आणि सर्वांच्या नंतर निजे. मराठी वाचकाला एकत्र कुटुंबातली थोरली सून आठवली तरी चालेल. जड ओझे उचलणाऱ्या स्नायूला ओझे खाली ठेवताच पूर्ण सुटका मिळते. उलट हलके पण न थांबणारे काम असेल, तर त्याच मोजक्या तुकड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबत राहतात आणि बाकीचा स्नायू मात्र जवळजवळ रिकामा बसलेला असतो. हमालाचा आणि कारकुनाचा फरक येथे आहे.

हे गृहीतक अद्याप सर्व बाजूंनी सिद्ध झालेले नाही. तथापि त्याला पोषक असा एक अभ्यास नॉर्वेमध्ये झाला. वेइर्स्टेड व वेस्टगार्ड ह्या संशोधकांनी बांधणीचे हलके काम करणाऱ्या स्त्रियांच्या समलंब स्नायूतील विद्युत्-स्पंदने नोंदविली आणि त्यांच्या प्रकृतीचा पुढे मागोवा घेतला. १९९३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत लक्ष वेधणारी गोष्ट ही की, ज्यांना पुढे दुखणे जडले त्यांचे स्नायू अधिक जोर लावीत होते असे नव्हे. त्यांच्या स्नायूंना मधूनमधून मिळणारे क्षणिक विसावे कमी होते. हे विसावे सेकंदाच्या एका अंशाएवढे, कर्त्याच्या स्वतःच्याही लक्षात न येणारे. रामात्सिनींच्या तिसऱ्या कारणालाही पुष्टी मिळाली आहे. स्टॉकहोमचे उल्फ लुंडबेरी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९४ मध्ये दाखविले की, माणूस निव्वळ मनाला ताण देणारे काम करीत असला तरी समलंब स्नायूची विद्युत्-क्रिया वाढते. मुकादम मागे उभा राहिला की खांदे वर चढतात, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ह्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता वाटणार नाही. पण शास्त्राला ती असते.

आता बसण्याच्या पद्धतीविषयी. 'ताठ बस' हे वाक्य ज्याने शाळेत ऐकले नाही असा विद्यार्थी विरळा. ताठ बसणे दिसावयास चांगले असेल. पण वाकून बसणाऱ्याची मान दुखते आणि ताठ बसणाऱ्याची दुखत नाही, हे विधान मोजणीच्या कसोटीस उतरत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १७ वर्षे वयाच्या एक हजाराहून अधिक मुलामुलींच्या मानेची ठेवण मोजून २०१६ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात मानेची ठेवण आणि मानेचे दुखणे ह्यांचा संबंध आढळला नाही. दप्तराचेही तेच. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरविले, ते स्वागतार्हच आहे, कारण मुलाला हमाल करण्याचे काही कारण नाही. परंतु दप्तरामुळे पाठदुखी जडते ह्याचा खात्रीलायक पुरावा अनेक अभ्यास एकत्र तपासूनही हाती आलेला नाही. ह्याचा अर्थ कसेही बसावे असा नव्हे. अमुक एक ठेवण वाईट आणि अमुक एक चांगली, ह्यापेक्षा एकाच ठेवणीत किती वेळ गेला हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उत्तम खुर्चीत तीन तास अचल बसलेल्या माणसाने स्टुलावर चुळबुळ करणाऱ्याला उपदेश करू नये.

दुखण्याच्या जागी बोटांना लागणाऱ्या गाठींविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. लंडनमध्ये १९३८ साली जॉनस केलग्रेन ह्यांनी स्नायूंत मिठाचे तीव्र पाणी टोचून असे दाखविले की, स्नायूतील वेदना जेथे उगम पावते तेथेच जाणवते असे नाही. ती दूरच्या ठरावीक जागी उमटते. मानेच्या मुळाशी असलेल्या कारणाने कपाळ ठणकू शकते, ते ह्यामुळेच. पुढे अमेरिकेतील डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल ह्यांनी स्नायूंतील अशा वेदनाबिंदूंचे तपशीलवार नकाशे तयार केले. १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या वैद्य झाल्या, आणि केनेडींची प्रसिद्ध झुलती खुर्ची त्यांच्याच सल्ल्याची होती. वेदनाबिंदू दाबल्याने रोग्यास तात्पुरता आराम पडतो ह्यात शंका नाही. परंतु एकाच रोग्याच्या पाठीवर दोन तज्ज्ञांना ते बिंदू एकाच जागी सापडतील असा भरवसा नसतो, आणि ते मुळात काय आहेत ह्याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. गाठीत श्रमाचे आम्ल साचून राहते, हे मालिश करणाऱ्यांचे आवडते स्पष्टीकरण तर निश्चितपणे चुकीचे आहे. श्रम थांबल्यावर ते आम्ल साधारण तासाभरात निघून जाते.

ह्या साऱ्या गोंधळात भर पडते ती छायाचित्रांची. चाळिशी उलटलेल्या माणसाने मानेचे क्ष-किरण चित्र काढले की 'मणके झिजले आहेत' असा निकाल मिळतो, आणि 'स्पाँडिलायटिस' हा शब्द त्या घरात कायमचा मुक्काम ठोकतो. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांची चुंबकीय चित्रे काढण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या फुगलेल्या आढळल्या. विशीतल्या बहुतेकांच्याही चित्रांत हा बदल दिसला. केस पिकावेत तसे हे बदल वयाबरोबर होतात, आणि त्यांना दुखण्याचे कारण ठरविण्यापूर्वी वैद्याने फार विचार करावयास हवा. शब्दांनीही इजा होते. मान 'झिजली' असे ज्यास सांगितले जाते तो मान वळविण्यास भितो, हालचाल कमी करतो, स्नायू दुबळे होतात आणि दुबळे स्नायू अधिक लवकर दुखतात.

तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे हे केवळ लांबलेले ताजे दुखणे नव्हे. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल ह्यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, शरीरातून येणारे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत एका दारातून आत येतात आणि हे दार किती उघडावे हे मेंदूही ठरवितो. त्यांच्या मांडणीतील तपशील पुढे बदलले. मुख्य विचार टिकला. संदेश दीर्घकाळ येत राहिले म्हणजे ज्ञानतंतूंची संवेदनशीलताच वाढते, आणि पूर्वी ज्या स्पर्शाची दखलही घेतली गेली नसती तो स्पर्श वेदना होऊन बसतो. झोप अपुरी झाली की हे दार अधिक सताड उघडते. इजा न दिसताही वेदना पूर्णपणे खरी असू शकते, हे आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या १९७९ सालच्या व्याख्येत गृहीत होते आणि २०२० च्या सुधारित व्याख्येसोबतच्या टिपणात तर रोग्याचे सांगणे आदराने ऐकावे असे स्पष्ट म्हटले आहे. 'चित्रात काही नाही, म्हणजे तुम्हाला काही झालेले नाही' असे म्हणणारा वैद्य ह्या दृष्टीने साठ वर्षे मागे आहे.

ह्याची दुसरी बाजूही आहे. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखन यंत्रावर काम करणाऱ्या हजारो लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हात, मान व खांदे ह्यांत एकदम दुखणी उद्भवली. पुनरावृत्त ताणाची इजा असे त्यास नाव मिळाले, विश्रांती व सक्तीची रजा हा उपचार ठरला, न्यायालयात दावे चालले. आणि काही वर्षांत ही लाट ओसरली. कोणी म्हणाले हे सारे मनाचे खेळ, कोणी म्हणाले ही यंत्रांची करणी. दोन्ही पक्षांनी अतिरेक केला असे आज म्हणावे लागते. कामाची गती आणि एकसुरीपणा खरा होता, वेदना खरी होती. पण प्रत्येक कळ म्हणजे इजा आणि प्रत्येक हालचाल म्हणजे धोका, ह्या भयाने अनेकांचे दुखणे लांबविले.

मग उपाय कोणता? डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात समलंब स्नायू दुखणाऱ्या स्त्रियांचे गट पाडले. एका गटाने आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटे खांद्याच्या स्नायूंना बळ देणारा वजनांचा व्यायाम केला, दुसऱ्याने तेवढाच वेळ स्थिर सायकल चालविली, तिसऱ्याला केवळ आरोग्याचा सल्ला मिळाला. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाचे दुखणे पुष्कळच उतरले. सायकलीने आराम मिळाला तो तात्पुरता. म्हणजे जो स्नायू दुखतो त्यालाच, क्रमाक्रमाने, काम द्यावयाचे. २०११ चा प्रयोग तर अधिकच उद्बोधक आहे. कचेरीत काम करणाऱ्या १९८ लोकांपैकी काहींना रोज बारा मिनिटे आणि काहींना रोज केवळ दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, लवचिक रबरी नळीचा एकच व्यायाम देण्यात आला. नळी पायाखाली धरून, कोपर किंचित वाकवून, दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावयाचे आणि सावकाश खाली आणावयाचे. दोन मिनिटांच्या गटालाही दहा आठवड्यांत उतार पडला. आरंभी दुखणे थोडे वाढल्यासारखे वाटते आणि बहुतेक लोक तेथेच सोडून देतात, हे शिकविणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे.

शेक, मालिश, बाम ही जुनी साधने टाकाऊ नाहीत. ती वेदनेचे दार काही काळ लोटून घेतात आणि तेवढ्या वेळात व्यायाम करता येतो. गोळ्यांची गोष्ट निराळी. औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून महिनोन्महिने घेणारे पुष्कळ आहेत. ह्याच औषधाच्या अंशाने, मेलेल्या गुरांच्या मांसातून, भारतातील गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती जवळजवळ नामशेष झाली आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला. माणूस गिधाड नव्हे. तथापि दीर्घकाळ घेतलेल्या ह्या जातीच्या औषधांनी माणसाच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांनाही अपाय होतो, हे निर्विवाद आहे.

आणि काही दुखणी स्नायूंची नसतातच. डाव्या खांद्यातील कळ छातीवरील दडपण, घाम किंवा धाप ह्यांसह आली तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे, कारण ती हृदयाची असू शकते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यावर उमटते. ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर आपल्या देशात मणक्यांच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. हाताला मुंग्या येऊन पकड सैल पडणे, किंवा मधुमेही माणसाचा खांदा हळूहळू आखडून हात वर न जाणे, ह्यांवरही रबरी नळीचा उपाय नव्हे. तेथे वैद्याचीच तपासणी हवी.

उरतो तो विसाव्याचा प्रश्न, आणि तो वैद्यकाच्या हद्दीबाहेरचा आहे. स्नायूला दीर्घ रजा नको, वारंवार मिळणारे लहान विसावे हवेत, हे शास्त्र सांगू शकते. परंतु ते द्यावयाचे कोणी? १९४८ च्या कारखाने अधिनियमात उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याचे बंधन होते. त्याच अधिनियमाच्या कळवावयाच्या रोगांच्या यादीत शिसे, पारा, सिलिकोसिस ह्यांना स्थान होते, स्नायूंच्या दुखण्याला नव्हते. कापडाच्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी चळवळ केल्यावर केरळने २०१८ मध्ये दुकानांतही बसण्याचा हक्क कायद्याने मान्य केला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने त्याचे अनुकरण केले. बसून काम करणाऱ्याला उठण्याचा हक्क असावा, हा विचार मात्र अजून कोणी गंभीरपणे केलेला दिसत नाही.

ह्या सर्वांच्या पलीकडे, घरी बसून नगावर मजुरी घेणारी स्त्री आहे. गुंड्या लावणे, जरीकाम, विड्या वळणे ह्या कामांत तिच्या मागे मुकादम नसतो. नगाचा दरच मुकादमाचे काम करतो. तिला अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे हात हलविण्याचा सल्ला देणे सोपे आहे. त्या दोन मिनिटांची किंमत तिच्याच मजुरीतून वजा होते. मोठ्या कारखान्यांत कामाचे प्रमाण ठरविणारे अभियंते घड्याळ लावून काम मोजतात, तेव्हा थकव्यासाठी वेळेचा काही हिस्सा आधीच जमेस धरतात आणि मग नगांचा आकडा ठरवितात. घरकामाचा दर ठरवितानाही हीच रीत लावण्यास शास्त्राची कोणतीही आडकाठी नाही. राज्यांच्या किमान वेतनाच्या सल्लागार मंडळांपुढे नगाच्या दराचा विचार येतो, तेव्हा त्यांनी कामगाराच्या बोटांच्या वेगाबरोबर तिच्या खांद्यांच्या विसाव्याचाही हिशेब मागावयास हवा.